नसलेला क्लच

कळंबोलीच्या सर्कलवर पुढच्या ट्रेलरचा क्लच जळाल्याचा वास आला की मला बाबांचा डावा पाय आठवतो. उरणच्या बंदरातून कंटेनरचे ट्रेलर नेताना आयुष्यभर क्लच दाबलेला तो पाय शुगरमुळे गुडघ्याखालून कापावा लागला. त्यानंतर ते खिडकीशी बसून, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज ऐकत "टाक आता सेकंड" असं पुटपुटायचे. म्हणून एका सकाळी मी मेव्हण्याची ऑटोमॅटिक गाडी मागून आणली आणि नेरे गावाकडच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांना स्टिअरिंगवर बसवलं. "हिला क्लच नाही, बाबा. उजवा पाय पुरतो." गाडी अलगद निघाली. पण प्रत्येक स्पीडब्रेकरआधी त्यांची डावी मांडी उचलली जायची, पँटचा रिकामा पाय हलायचा, आणि नसलेला पाय नसलेला क्लच दाबायचा. डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी गाडी थांबवली. "गाडी चालली रे," ते म्हणाले, "पन मी नाय चालवली." परतताना मीच चालवली. आता बाबा नाहीत. घरचे म्हणतात, या ट्रॅफिकमध्ये कशाला त्रास, ऑटोमॅटिक घे. संध्याकाळी क्लच दाबून दाबून माझाही डावा पाय ठणकतो. मी त्याला ठणकू देतो.