बाळकुमच्या खाडीत मी बुडवलेला माणूस

मी एका माणसाला मारलेलं आहे. उठू नका, चहा संपवा आधी. हत्यार म्हणून टाईपरायटर वापरलेला, आणि माणूस नंतर ठणठणीत निघाला. पण मधले तीन महिने तो मेलेला होता, आणि ते सगळं माझ्या सहीनिशी!

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. मी साताऱ्याकडच्या खेड्यातून आलेलो, डोंबिवलीत खोली घेऊन राहिलेलो आणि ठाण्याला कोपरीत एका संस्थेत चिकटलेलो. संस्था गरीब मुलांसाठी काम करायची. परदेशातली माणसं एकेका मुलाची जबाबदारी घ्यायची, त्याच्या शाळेचं, औषधपाण्याचं बघायची. त्यांना वर्षातून एकदा कळवायचं, की बाबा, तुमचं मूल असं असं आहे. हे कळवणारा माणूस म्हणजे मी. हुद्दा रिपोर्ट रायटर. गावी आईने सगळ्यांना सांगितलेलं, पोरगा पेपरात लागला. मीही तिला थांबवलं नाही.

आमच्या प्रमुख पाटणकरबाई. पांढरी सुती साडी, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. बाई कधी आवाज चढवायच्या नाहीत. गरजच नव्हती. त्या हळू बोलायला लागल्या की आम्हाला घाम फुटायचा.

माझे पहिले दहा रिपोर्ट त्यांनी वाचले आणि हळूच टेबलावर ठेवले.

"हे काय आहे?"

"रिपोर्ट, बाई."

"मुलगी तिसरीत आहे. तब्येत बरी आहे. घरात पाच माणसं आहेत. अहो, हा रिपोर्ट आहे की रेशनकार्ड? तिकडे कुणी म्हातारी वर्षभर या एका कागदाची वाट बघत बसलेली असते. रिपोर्टात माणूस दिसला पाहिजे!"

झालं. मी माणूस शोधायला निघालो.

यादीत पुढचं नाव होतं वंदना, वय नऊ, राहणार बाळकुम. बाळकुम तेव्हा गाव होतं हो. बसमधून उतरायचं, कारखान्याच्या भिंतीकडेने चालत जायचं, आणि मासळीचा वास वाढत गेला की समजायचं, आपण बरोबर चाललोय. खाडीच्या अंगाला कोळ्यांची वस्ती. वंदना शाळेत गेलेली. तिची आई हिराबाय दारासमोर जवळा वाळत घालत होती. मी वही उघडली आणि अगदी साधा प्रश्न विचारला.

"मुलीचे वडील कुठे असतात?"

बाईने हातातली टोपली आपटली.

"गेला."

"गेले म्हणजे?"

"खाडीत गेला! अंगात ताप व्हता. मी बोलली, नको जाव. आयकला नाय. गेला!"

आणि तिने पदराने डोळे पुसले.

हसताय ना? तुम्ही ठाणेकर, तुम्ही हसणारच. पण मी कुठला? आमच्या गावी नदी एक, तीही पावसाळ्यापुरती. बाकी सगळ्या विहिरी. आमच्याकडे कुणी 'विहिरीत गेला' म्हटलं, की लोक दोर घेऊन पळत सुटतात. 'खाडीत गेला' म्हणजे नुसता कामाला गेला, हे मला कोण शिकवणार? आणि डोळे पुसले ते खारट हात लागून चुरचुरले म्हणून, हेही मला नंतर कळलं. सगळंच नंतर कळलं.

मी आवाज खाली आणला. "मग आता कसं करता तुम्ही?"

"करतंय काय? मीच बघतंय सगलं. पोरीला बघायचं, मासली इकायची, पानी भरायचं. त्याला काय? तो सुटला!"

सुटला! आता सांगा, याच्यापुढे शंका कोण काढेल?

कधी झालं, असं एकदा विचारावंसं वाटलेलं. पण अशा वेळी तारीख विचारू नये, इतपत संस्कार माझ्यावर होते. तिच्या कपाळाला कुंकू होतं की नव्हतं? नाही बघितलं. मी डोळे बघत होतो. रिपोर्टात डोळे लागतात.

ऑफिसात आलो आणि शब्दकोश मांडीवर घेऊन दुपारभर टाईपरायटरवर इंग्रजीत लिहीत बसलो. तापाने फणफणलेला कोळी, अडवणारी बायको, काळं पाणी, रिकामी परत आलेली होडी. होडी मी माझ्या पदरची घातली. म्हटलं, माणूस परत नाही आला तर निदान होडी तरी यावी! शेवटचं वाक्य होतं, 'खाडीने या घराला जेवू घातलं आणि खाडीनेच या घराचा कर्ता नेला.' हे लिहून झाल्यावर माझं मलाच भरून आलं.

बाईंनी रिपोर्ट वाचला. चष्मा काढला. परत लावला.

"कधी झालं हे?"

"अलीकडेच."

"तुम्ही स्वतः भेटलात?"

"हो बाई. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी बघितलं मी."

त्यात काय खोटं होतं? काहीच नाही.

"छान लिहिलंत," बाई म्हणाल्या. मग स्वतःशीच पुटपुटल्या, "छान म्हणू नये खरं तर."

सोमवारच्या मीटिंगमध्ये तो रिपोर्ट सगळ्यांना वाचून दाखवला. लोक उठून दोन मिनिटं शांत उभे राहिले. मीही राहिलो.

तीनेक महिन्यांनी नॉर्वेहून पार्सल आलं. वंदनाची जबाबदारी घेतलेल्या आजी तिकडच्याच, हेल्गा नावाच्या. पार्सलमध्ये हाताने विणलेली राखाडी लोकरीची शाल आणि हिराबायच्या नावाने चार पानांचं पत्र. बाईंनी पत्र वाचलं आणि माझ्याकडे दिलं. "तुम्हीच जा. नीट मराठी करा, आणि सावकाश वाचून दाखवा. घाई नको."

मी पांढरा सदरा घालून गेलो.

हिराबायने पाट दिला. वंदना शेजारी येऊन टेकली. "आरं, भायेर ये, परदेसातनं पत्र आलंय," अशी हिराबायने आत हाक मारली, तसा आतून एक उंच, सावळा माणूस जेवणावरून उठून हात पुसत आला आणि भिंतीला टेकून बसला. नाकडोळे अगदी वंदनाचे. काका असणार. मला बरं वाटलं. चला, दीर तरी पाठीशी उभा राहिला!

मी घसा साफ केला.

"'माझ्या बहिणी, तुझ्या दुःखाची बातमी कळली. चाळीस वर्षांपूर्वी माझाही नवरा मासे पकडायला समुद्रावर गेला, आणि परत आला नाही...'"

"आगो बाय!" हिराबायने तोंडावर हात ठेवला.

"अरेरे," तो माणूस म्हणाला. "म्हातारीचा घरवाला गेला? वादळ व्हतं काय?"

"ते लिहिलेलं नाही," मी म्हटलं आणि पुढे वाचायला लागलो. त्या आजी वर्षभर रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन उभ्या राहायच्या, हे वाक्य आलं आणि हिराबाय हुंदके द्यायला लागली. दिरानेही डोळे पुसले. इतकं प्रामाणिक रडू मी कामाच्या निमित्ताने तोवर बघितलं नव्हतं. मनात म्हटलं, हा रिपोर्ट मी बाईंना तोंडी देणार.

मग चौथं पान आलं.

"'आता तू एकटी आहेस, पण खचू नकोस. ही शाल मी तुझ्यासाठी विणली. तुझ्या नवऱ्याच्या आत्म्याला शांती मिळो.'"

"थांब, थांब," तो माणूस म्हणाला. "कोनाचा नवरा?"

"यांचा." मी अदबीने हिराबायकडे हात केला.

"हिचा?"

"हो."

"हिला नवरं किती हायेत?"

"एकच होते," मी म्हटलं.

"मंग मी कोन?"

"तुम्ही... दीर ना यांचे?"

तो हिराबायकडे बघायला लागला. हिराबाय माझ्याकडे. वंदना आळीपाळीने तिघांकडे. मग वंदना म्हणाली, "ह्यो माझा बापूस हाय."

त्या माणसाचं नाव धर्मा. माझ्या रिपोर्टात ते दोनदा आलेलं, दोन्ही वेळा कैलासवासी.

मी सगळं सांगून टाकलं. दुसरा इलाजच नव्हता. हिराबायला हसू फुटलं, ते इतकं की तिला भिंत धरावी लागली. शेजारच्या दोन बायका काय झालं म्हणून आल्या, त्यांना सांगताना परत हसली. धर्मा मात्र हसेना. मला वाटलं, आता हा माझी गचांडी धरणार. हक्कच होता त्याचा.

"मेलो कसा मी?" त्याने शांतपणे विचारलं.

"खाडीत."

"खाडीत कसा?"

"म्हणजे... बुडून."

"बुडून?" तो उभा राहिला. "मेलो म्हून लिवलंस, लिव. मानूस मरतंय. तापानं मार, साप चाववून मार. पन बुडून? मी? कोल्याचा पोर? हितं?"

त्याने दंडाला धरून मला काठावर नेलं. ओहोटी होती. समोर गुडघाभर पाणी आणि बाकी चिखल. त्यात एक म्हातारी साडी खोचून निवांत चिंबोऱ्या शोधत होती.

"ही बुडली?" त्याने विचारलं.

"नाही."

"मंग मी कसा बुडनार? उद्या गावात कलला ना, माझ्या होडीत कोन बसंल?"

तो खरंच दुखावलेला. मेल्याचं त्याला काही नव्हतं. नाव गेलं याचं होतं. मागून हिराबाय आली आणि तिने ती राखाडी शाल त्याच्या खांद्यावर टाकली. "घे, तुझ्या मयताची शाल." त्याने ती चाचपून बघितली. "गरम हाय," म्हणाला. पण माझ्याकडे बघितलं नाही.

परत येताना बसमध्ये मी राजीनाम्याचा मजकूर जुळवत होतो. ऑफिसात गेलो आणि पाटणकरबाईंसमोर उभा राहिलो.

"बाई, वंदनाचे वडील बरे आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे... जेवत होते."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग इतक्या हळू बोलल्या, की मला पुढे वाकावं लागलं. "रिपोर्टात माणूस दिसला पाहिजे म्हटलं होतं मी. मेलेला नव्हे."

"राजीनामा देऊ का?"

"तो नंतर. आधी त्या आजींना पत्र लिहा. एका विधवेला तुम्ही रडवलंत. स्वतः लिहायचं, आणि हाताने. माफी टाईप करत नाहीत. एकही मोठं वाक्य नको, एकही विशेषण नको. आणि पोस्टात टाकण्याआधी ज्यांना मारलंत त्यांना वाचून दाखवा. ते हो म्हणाले तरच पाठवायचं."

मी लिहिलं. बाईंनी खोडलं. 'अत्यंत' गेलं, 'मनःपूर्वक' गेलं, 'काळजाला घरं पडली' याचं इंग्रजी मी शब्दकोशातून शोधून आणलेलं, तेही गेलं. उरलं ते घेऊन बाळकुमला गेलो. धर्माने उकिडवं बसून ऐकलं आणि एक वाक्य वाढवायला लावलं. शालीबद्दल एक हिराबायने घालायला लावलं. खाली जागा उरलेली, तिथे वंदनाने रंगीत खडूने होडी काढली आणि होडीत बापूस, होडीपेक्षा मोठा. शेवटी माझ्या सुट्या, ठळक अक्षरात जे इंग्रजी पत्र गेलं, ते साधारण असं:

'आजी, माझी चूक झाली. वंदनाचे बाबा जिवंत आहेत. ते मासे पकडायला गेले होते. त्यांना मासे मिळाले. मग ते घरी आले. त्यांना पोहता येतं. ते कधी बुडत नाहीत. हे त्यांनी लिहायला सांगितलं. तुमची शाल ते होडीत घालतात. मला वाईट वाटतं. मी पुन्हा असं करणार नाही.'

पुढचे पाच आठवडे मला जेवण गेलं नाही. आजी तक्रार करतील, वंदनाला सोडून देतील, माझ्यामुळे त्या पोरीची शाळा सुटेल. बाळकुमची बस दिसली की मी दुसरीकडे तोंड फिरवायचो.

मग उत्तर आलं. बाईंनी मला बोलावून उभ्याउभ्या वाचून दाखवलं. आजींनी लिहिलेलं, 'असं पत्र मला यावं म्हणून मी चाळीस वर्षं वाट बघितली. ते दुसऱ्या घरी आलं. हरकत नाही. कुणाच्या तरी घरी आलं. मी त्या संध्याकाळी शेजाऱ्यांना बोलावून केक खाऊ घातला. वंदनाला सांगा, ती शिकेल तितकं मी तिला शिकवणार.'

बाई थांबल्या. चष्मा पुसला. मी खिडकीबाहेर बघत होतो. खरं सांगतो, मला नीट दिसत नव्हतं.

"खाली ताजा कलम आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्याबद्दल."

"वाचा."

"'तुमच्याकडे रिपोर्ट लिहिणारा मुलगा कितवीत आहे? पहिला रिपोर्ट त्याला कुणा मोठ्या माणसाने लिहून दिला असावा, पण हे पत्र त्याचं स्वतःचं आहे, हे लगेच कळतं. होडीही छान काढली आहे. या वयात चुका व्हायच्याच. त्याला रागावू नका.'"

बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"काय कळवू?"

बाईंनी कपाट उघडून माझी फाईल काढली, नोकरीचा अर्ज सापडला, त्यावर बोट फिरवत खाली गेल्या आणि थांबल्या. एम. ए., मराठी, सेकंड क्लास.

"या वेळी आपल्याकडून एक अक्षरही खोटं जायला नको," त्या म्हणाल्या. टाईपरायटर पुढे ओढला आणि आजींच्या प्रश्नापुढे दोनच शब्द बडवले. सेकंड क्लास.

पुढच्या नाताळात नॉर्वेहून दोन पाकिटं आली. एक वंदनाला, एक माझ्या नावाने. माझ्या पाकिटात पट्टी, खोडरबर आणि एक कार्ड. कार्डावर एकच ओळ होती:

'तिसरीत गेलास ना?'