फुग्याऐवजी बूच

तिजारे सर समीकरण बोटानं तपासायचे. फळ्यावर डावीकडचा एकेक अणू टिपायचे, मग उजवीकडचा. तास संपेपर्यंत तर्जनी पांढरी. दोन्ही बाजू जमवण्यासाठी कुणी पाण्याच्या सूत्रातलाच ऑक्सिजन वाढवला, की म्हणायचे, "पाणी मागितलं होतं बे, तू तं पेरॉक्साइड पाजून राहिला." वर्ग हसायचा, चुकलेलाही हसायचा.

गांधीबागेमागच्या त्या शाळेत मी त्यांच्या हाताखाली विज्ञान शिकवायला लागलो. फळ्यावर माझं काही चुकलं की मी घाईघाईनं पुसायचो. सर म्हणायचे, "पुसतं काहून गा? चुकलं म्हणून सांग. पोरं हसतीन, पण मंग भरोसा ठेवतीन."

वस्तुमान नाहीसं होत नाही, हे ते असं दाखवायचे: बाटलीत व्हिनेगर, तोंडाला खायचा सोडा भरलेला फुगा. सोडा आत पाडला की वायू फुग्यात भरायचा आणि वजन तेवढंच राहायचं. पुढे शाळेत डिजिटल काटा आला आणि पंचाईत झाली. फुगा फुगला की आकडा जरासा उतरायचा. सर उलट खूश. "बाहेरची हवा उचलून राहिली ना फुग्याले. पोराईले हेच सांग."

मला मात्र आकडा तंतोतंत हवा होता. शाळा तपासणीच्या दिवशी सर दुसऱ्या वर्गावर होते. मी फुगा काढला, सोड्याची पुडी काचेच्या बाटलीत टाकली आणि रबरी बूच घट्ट दाबलं. बाटली फुटली. पहिल्या बाकावरच्या मुलीचा तळहात चिरला. तिची दोन बोटं पुढे कधी नीट मिटली नाहीत.

चौकशीत मी म्हणालो, "बूच लावायला सरांनीच सांगितलं होतं."

सर शेजारच्याच खुर्चीवर होते. "मी सांगितलं?"

"हो सर."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग समोरच्या जबाबावर त्यांनी सही केली. त्यांच्याकडचं विज्ञान काढून घेतलं, प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे आली. निवृत्तीपर्यंत ते भूगोल शिकवत होते.

मागच्या महिन्यात सर गेले. कबूल करायचं ठरवूनच मी रामटेकला त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चहा दिला.

"तुमच्यावर राग नव्हता हो त्यायचा," त्या म्हणाल्या. "मलेच विचारत राहायचे, 'मी सांगितलं असंन का वं? तो खोटं नाही बोलत. मलेच आठवून नाही राहिलं.'"

मी चहा प्यायलो, नमस्कार केला आणि निघून आलो.

काकू, सरांनी सांगितलं नव्हतं.