दिवा लागतो, म्हणजे लिफ्ट ठीक

नोंद घ्यावी की सदर इसम, हुद्दा वरिष्ठ प्रणाली अभियंता, नेमणूक तात्पुरती, वय पन्नाशीला टेकलेले, चष्मा दुहेरी, हा लिफ्टच्या सुरक्षा-तपासणीच्या प्रोग्रामास सर्वस्वी जबाबदार आहे. ऑफिसात त्यांना सगळे काका म्हणतात.

काकांची नोकरी कायम होणार की नाही, ते आज दुपारी ठरणार होतं. ग्राहकाचा माणूस येणार, चाचणीच्या लिफ्टचा ब्रेक मुद्दाम बिघडवलेला असणार, आणि काकांच्या प्रोग्रामने ती अडवायची. सकाळपासून प्रोग्राम तिला खुशाल पास करत होता.

काकांची उभी हयात प्रोग्रामला लागेल तो ऑब्जेक्ट, म्हणजे लागेल ती वस्तू, स्वतः बनवण्यात गेली. कोणाच्या तोंडाकडे बघणं नाही. इथली रीत निराळी. आपल्याला काय हवं ते क्लासने, म्हणजे प्रोग्रामच्या तुकड्याने, दारातच सांगायचं, मग कंटेनर नावाचा न दिसणारा कारभारी ते आणून हातात ठेवतो. दोर, दार, वजन, ब्रेक आणि दिवा, सगळ्या तपासण्या काकांनी त्याच्याकडे रीतसर नोंदवल्या होत्या. व्हायची ती फक्त दिव्याची. दिवा लागत होता, सबब लिफ्ट सुरक्षित.

टीमची प्रमुख, काकांच्या लेकीहून लहान, खुर्ची सरकवत जवळ आली.

"काका, कंटेनरकडे मागितलंत काय?"

"तपासणी."

"एकच मागितलीत, की तो शेवटी नोंदवलेली देतो."

"शेवटी दिवा होता. पण इतक्या असताना एकदा विचारायचं तरी, कुठली हवी म्हणून."

"तो विचारत नाही. यादी मागा."

"यादी मी कुठे केलीय?"

"करूच नका. नुसती मागा. तो गोळा करून देतो."

"जी केलीच नाही, ती मागायची?"

"हो."

"घरी मागून बघतो असं एकदा."

"घरी कंटेनर नाही काका, काकू आहेत."

काकांनी एका तपासणीच्या जागी तपासण्यांची यादी मागितली. प्रोग्रामने ब्रेक पकडला. त्यांनी बदल काढून पाहिला, पुन्हा घालून पाहिला. काढला की ब्रेक निसटे, घातला की सापडे, आणि असं का, याबद्दल काकांच्या डोक्यात अंधार होता तेवढाच राहिला.

दुपारी लिफ्ट अडली. ग्राहकाच्या माणसाने मान डोलावली.

"कळलं ना आता?" प्रमुखबाईंनी विचारलं.

"कळलं की," काका म्हणाले, दंतवैद्याला म्हणावं तसं.

संध्याकाळी आदेश निघाला: सदर इसम वस्तुसंग्रहांच्या (म्हणजे याद्यांच्या) पुरवठ्याची मांडणी करण्यात निष्णात असून त्यांस सेवेत कायम करण्यात येत आहे.

ऑफिस सहाव्या मजल्यावर आहे. काका जिन्याने जातात.