सगळं उन्हाच्या माथी

रायपूरच्या उन्हाला आमच्या सासरी जावयापेक्षा जास्त मान होता. नवऱ्याने ताट भिरकावलं, तर म्हणे ऊन चढलं. माझ्या तोंडात मारली, तर म्हणे डोक्यात लू गेली, गरम वारा. तो उरला औद्योगिक वसाहतीतल्या पोलादाच्या रोलिंग मिलमध्ये शिफ्ट सुपरवायझर होता. भट्टीसमोरून सुटायचा आणि भर दुपारी ट्रकांची धूळ खात गाडीवरून पुरानी बस्तीत घरी यायचा. त्याचं पाऊल दारात पडायच्या आत सासूबाई कैरीचं पन्हं घेऊन उभ्या, मी ओला गमछा घेऊन. होळी झाली की पहिलं काम कूलरचं. नवी वाळ्याची खस भरायची आणि त्याच्या पलंगाकडे तोंड करून लावायचा. बाकीच्यांनी घामात मरावं.

लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात त्याने माझे केस धरून डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. का, तर पन्हं जास्त गोड झालं. भुवई फाटली, रक्त परातीतल्या कणकेत पडलं. सासूबाईंनी आधी परात उचलली, मग जखमेत हळद दाबली आणि म्हणाल्या, "मनावर नको घेऊ. जून लागला की सुधरते तो."

मी ऐकलं. सगळा पारा, म्हणजे अख्खी गल्ली, तेच सांगत होती. शेजारची दीदी म्हणायची, हव, इथल्या गरमीत पुरुषांचं डोकं जागेवर राहतच नाही. पंडरीच्या कापडबाजारात जाऊन मी लांब बाह्यांचे कुडते शिवायला कापड आणलं. भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या पाहून बायका म्हणायच्या, बरं करते बाई, हात काळे नाही पडत. हात आधीच काळेनिळे होते, पण ते कोण पाहतंय!

मग त्याला विशाखापट्टणमच्या एका कारखान्यात काम मिळालं. सासूबाईंनी देवापुढे नारळ फोडला. समुद्राच्या हवेत पोट्ट्याचं डोकं थंड राहील, तुझा त्रास संपला, असं त्यांनी मला छातीठोकपणे सांगितलं. तरी कूलर मात्र सामानाच्या ट्रकमध्ये चढवायला लावलाच. आणि आम्ही शहाणे, तो लोखंडी डबा समुद्रकाठी घेऊन गेलो!

पहिल्याच दिवशी लावला. तासाभरात चादर दमट, पापड लुळे, मिठाला पाणी सुटलं आणि अंग असं चिकट की गुळाच्या भेलीला मिठी मारल्यासारखं. शेजारीण दारातून बघून पोट धरून हसली. इथल्या हवेत आधीच पाणी, त्यात तुम्ही आणखी ओतताय, म्हणाली. मला वाटलं, आता हा कूलरसकट मला फोडणार. पण तोही हसला. त्या हसण्यावर मी पुढचे कितीतरी महिने काढले.

काय हवा होती हो ती! खोटं कशाला बोलू, मी मनसोक्त भोगली. उन्हाळ्यात घाम यायचा, पण दुपार कलली की समुद्रावरून वारा सुटायचा आणि पडदे पार छताला लागायचे. पावसाळ्यात ऊन आणि सर आळीपाळीने यायचे, कपडे दिवसातून चारदा आत-बाहेर. दिवाळीच्या सुमारास वादळ आलं. खिडक्या धडाधडा आपटल्या, रस्त्यावर झाडं आडवी झाली, आणि मी काचेमागे उभी राहून ते डोळे भरून पाहिलं. मोडतोड आपल्या अंगावर नसली की केवढी देखणी असते. थंडी तर नावालाच. स्वेटर पेटीतून निघालाच नाही. सकाळी वाळूवर कोवळ्या उन्हात मी बिनबाह्यांच्या कुडत्यात चालायचे. त्या सगळ्या महिन्यांत त्याने मला बोटही लावलं नाही. मी रोज मनात म्हणायचे, खरंच उन्हाचंच होतं. टिकू दे देवा हे.

जानेवारीतली रविवारची सकाळ. ऊन सोन्यासारखं, वारा असा की शालही नको आणि पंखाही नको. मी बाल्कनीत समुद्राकडे बघत उभी होते. त्याने आतून चहा मागितला, मला ऐकू आलं नाही. तो मागून आला, मान धरली आणि तोंड कठड्यावर आपटलं. एकदा नाही. पुढचा दात तुटून माझ्या तळहातावर आला. मी खाली बसले तेव्हा त्याने बरगडीत लाथ घातली. मग हात धुतले, टॉवेलला पुसले आणि म्हणाला, "इथली हवा मले मानवत नाही."

त्याच आठवड्यात मी रायपूरला माहेरी आले. मे महिन्यात सासूबाईंनी बोलावणं पाठवलं. गेले. वीज गेलेली, भिंती तव्यासारख्या तापलेल्या. त्या समजावत राहिल्या. तिकडची दमट हवा त्याला बाधली, आता त्याला इकडे परत आणू, आपल्या माणसांत सुधरेल.

मी म्हटलं, "आई, तेव्हा तिथं गरमी नव्हती."

त्यांनी पदराने वारा घेतला. मग माझ्याकडे न बघता बोलल्या, "त्याच्या बापाची पहिली बदली पचमढीले होती. भर उन्हाळ्यात पंखा लागत नव्हता तिथं. तिथंच माझा हात मोडला त्यानं."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तू राहिली असती का?"

माझा हात उठला. खरंच उठला, त्या म्हाताऱ्या तोंडावर मारायला. अंगातून घामाच्या धारा वाहत होत्या, कानशिलं ठणकत होती, बाहेर लू घोंगावत होती. त्यांनी डोळे मिटून मान बाजूला घेतली, सवयीने.

मी हात खाली घेतला. भर मे महिन्यात, रायपुरात. घेता येतो.