सटवाजीनं दिलेला निरोप

सटवाजी धनगराचा माणसावर सहजी विश्वास बसत नसे. पाहुण्याला तो पाणी देई, बसायला घोंगडी टाकी, पण पाहुण्याची नजर मेंढरांकडं कितीदा गेली हेही बघून ठेवी.

त्याला कारण होतं. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या साली तो दहा-अकरा वर्षांचा असेल. मेंढरांची नोंद करायची म्हणून कुणा कारकुनानं त्याच्या बापाला चावडीवर बोलावलं आणि गोड बोलून कागदावर अंगठा घेतला. आठ दिवसांनी चार माणसं आली अन् निम्मा कळप हाकून घेऊन गेली. तूच विकलीस, कागदावर तसं लिहिलंय, म्हणाली. त्या कागदावर नेमकं काय लिहिलं होतं, हे बापाला मरेपर्यंत कळलं नाही.

म्हणून सटवाजीनं आपली लेक कौशल्या शाळेत घातली. भावकी हसली. तो म्हणाला, "घरात एक तरी कागद वाचनारं मानूस पायजे." पण लेकीचीही त्यानं परीक्षा घेतली. ती चौथीत असताना मेहुण्याचं पत्र तिच्याकडून वाचून घेतलं, आणि तेच पत्र गोरेगावच्या बाजारात एका दुकानदाराकडून पुन्हा वाचून घेतलं. दोघांचं बराबर जुळलं, तेव्हा कुठं त्याचं समाधान झालं.

ती कौशल्या आता दहावीला होती. रोज दीड कोस चालत हायस्कुलात जाई. त्या हायस्कुलातून दहावीला बसणारी ती पहिलीच मुलगी.

सत्त्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत एका सकाळी हेडमास्तर अमृतराव सायकल ढकलत मेंढवाड्यापाशी आले. सटवाजीनं कुत्रं आवरलं, पण हात जोडायच्या आधी सायकलच्या मागं कुणी येतंय का ते पाहिलं.

"सटवाजी, शनिवारी दहावीच्या मुलांना निरोप द्यायचा आहे. पालकांच्या वतीनं तुम्ही दोन शब्द बोला."

"मी? मी काय बोलू जी? मला अक्षर येत न्हाई."

"म्हणूनच. पोरीला इथवर आणलंत तुम्ही."

"गावात पाटील हाय, दुकानदार हाय. मीच काहून?"

अमृतराव हसले. ते हसणं सटवाजीला आवडलं नाही. सर गेल्यावर तो बायकोला, भागाबाईला, म्हणाला, "ह्यात कायतरी हाय."

भागाबाईलाही तेच वाटलं. मागच्या साली शेजारच्या वस्तीवरच्या पुंजाजीला असंच कुणीतरी सभा आहे म्हणून बाजारातून जीपमध्ये घालून नेलं होतं. तिसऱ्या दिवशी तो परतला तो वाकून चालत, हातात तुपाचा डबा घेऊन. आणीबाणीतल्या नसबंदीच्या त्या दिवसांत वस्तीवरचे पुरुष जीपचा आवाज आला की ज्वारीच्या रानात शिरत. आता ते कमी झालं होतं म्हणत, पण म्हणणाऱ्याचा काय भरवसा?

"बा, सर तसे न्हाईत," कौशल्या चिडून म्हणाली.

"सर नसतील तसे. सरांच्या वर कोन हाय, ते तुला कुठं ठाव?"

"तू न्हाई आला तर सगळे म्हनतील, कौशल्याचा बाप भ्याला."

 शनिवारी सटवाजी सगळ्यांच्या आधी शाळेपाशी पोचला. इमारतीला एक चक्कर मारली, मागचं दार उघडंच आहे हे पाहिलं आणि शिपायाला, संतरामला, गाठलं.

"जीप येनार हाय का?"

"व्हय. तालुक्याचे मोठे सायब येऊन राहिले."

सटवाजीनं दाराजवळची जागा धरली. चहा आला, त्यानं नको म्हटलं. समोर टेबलावर पांढरी चादर अंथरली होती. दवाखान्यातल्यासारखी, तीही त्याला खटकली.

जीप आली. साहेब बोलायला उभे राहिले. देशाचं भवितव्य, कष्ट, शिस्त, असं बरंच बोलले. पोरं पायानं जमीन उकरत होती. तेवढ्यात साहेबांबरोबर आलेला कारकून पालकांमधून एक कागद आणि शाईचं पॅड फिरवू लागला. कागदाची वरची बाजू दुमडलेली होती. एकेकानं अंगठा उठवला. कुणी विचारलं नाही.

कागद सटवाजीपुढं आला.  बापाचा शाईनं काळा झालेला अंगठा त्याला दिसला. पळून जावं असं वाटलं, मागचं दार उघडंच होतं. पण तो उठला आणि साहेबांचं भाषण चालू असतानाच ओरडला, "कौशल्या, इकडं ये. हे वाच."

सगळी सभा वळली. कौशल्या लाजेनं लाल झाली, तरी आली. तिनं दुमड उघडली आणि वाचलं, "कुटुंब नियोजन प्रचार सभा. उपस्थित नागरिकांची यादी."

 अमृतराव खुर्चीतून उठले. "मला हजेरी म्हणून सांगितलं होतं."

"हजेरीच आहे," साहेब म्हणाले. "नुसती यादी. कुणाला काही होणार नाही."

"मंग सभेचं नाव खोटं काहून?" सटवाजीनं विचारलं.

 अमृतरावांनी कौशल्याच्या हातून कागद घेतला, घडी केली आणि आपल्या खिशात घातला. साहेब टोपी घालून निघून गेले. जीपचा आवाज रस्त्यावर लांब गेला.

मग अमृतराव म्हणाले, "सटवाजी, तुम्ही बोलणार होता."

तो टेबलापाशी गेला. पांढऱ्या चादरीला हात लावला नाही.

"पोरांनो, मला बोलता येत न्हाई. मी सगळ्यांवर शक घेतो. सरांवर घेतला, ह्या सायबावर घेतला, पावण्यावर घेतो. काहून की मला वाचता येत न्हाई. आंधळ्यावानी समद्यालाच भ्यावं लागतं. निम्मा जलम त्यातच गेला. तुमाला डोळे हायेत. तुमी समद्याला भिऊ नका. पर दुमडलेला कागद दिसला की उघडून पाहा. मोठा मानूस असला तरी इचारा. आन् तुमचा बाप अंगठा उठवायला लागला, तर आधी त्याचा हात धरा."

तो बसला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पालकांतले दोघे-तिघे आपल्या काळ्या अंगठ्याकडं बघत राहिले.

अमृतराव पुढं महिनाभर वरून जाब विचारणारं पत्र येईल म्हणून वाट बघत होते. मार्चात निवडणुका झाल्या, दिल्लीचं सरकार बदललं आणि त्या कागदाचं कुणी विचारलं नाही. सटवाजीनं त्यांना एकदा गाठून विचारलं, "सर, तुमाला खरंच ठाव नव्हतं?"

"नव्हतं. मी वाचलंच नाही," सर म्हणाले.

सटवाजीनं त्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं. मग "बरं" म्हणून निघाला. पुरतं पटलं होतं का नाही, ते त्यानं भागाबाईलाही सांगितलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. कौशल्या सेकंड क्लासमध्ये पास झाली आणि मास्तरकी शिकायला परभणीच्या होस्टेलात गेली. सटवाजी पोचवायला गेला आणि दोन दिवस फाटकासमोरच्या लिंबाखाली बसून राहिला. कोण आत जातं, कोण बाहेर येतं, सगळं पाहिलं. शेवटी होस्टेलच्या बाईंना हाक मारून म्हणाला, "बाई, तुमचं पुरं नाव आन् गाव सांगा. कौशल्या, लिवून घे."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं. कौशल्यानं लिहिलं, वाचून दाखवलं, आणि तो कागद पटक्यात खोचून सटवाजी मोटारीकडं चालू लागला.