सुनंदाकाकू बसत नाहीत

मला राग लवकर येतो, हे मल्लेश्वरममध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. पण सुनंदाकाकूंनी माझ्या डोक्याला जेवढा ताप दिला, तेवढा एकवीस वर्षांत कुणी दिला नाही. एकवीस वर्षं मी इथल्या एका जिममध्ये बायकांना वजनं उचलायला शिकवते. आमचं घराणं बेंगळुरात कितीतरी पिढ्यांचं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. सगळे मला भाग्यलक्ष्मी अक्का म्हणतात. काकू तेवढ्या भाग्या म्हणायच्या.

जुलैत आल्या. वय सदुसष्ट, अंगाने काडी, पायात मुलाचे जुने बूट. "मला जमिनीवरून उठता आलं पाहिजे," एवढंच म्हणाल्या. महिन्यापूर्वी त्या स्वयंपाकघरात घसरून पडल्या होत्या. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत फरशीवर पडून. विठाबाई कामाला आल्या, त्यांच्याकडे किल्ली होती, म्हणून काकू सुटल्या.

त्यांचा मुलगा वेदांत हेब्बाळला राहतो, चौदाव्या मजल्यावर. तो म्हणाला, आता बास, घर बंद कर आणि आमच्याकडे चल. काकूंचे यजमान पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात होते. दोघांनी पोटाला चिमटा काढून ते घर बांधलेलं, आणि यजमान गेल्यापासून नऊ वर्षं काकू तिथं एकट्या, सुखात राहत होत्या. त्यांनी मुलाशी घासाघीस केली. दसऱ्याला तुझ्यासमोर जमिनीवर आडवी होईन आणि कशालाही न धरता उठून दाखवीन. उठले तर इथंच राहणार. तो हो म्हणाला.

म्हणजे माझ्या हातात तीन महिने होते. सरी, ठीक आहे म्हटलं, बघू या.

पहिल्याच दिवशी त्यांना समजावलं. "काकू, तुमच्या न्हाणीघरात छोटा गीझर आहे ना? पहिली बादली कढत येते. लगेच दुसरी लावली तर कोमट. थोडं थांबलात तर परत कढत. मांडीचं तसंच आहे. जोर लावायला स्नायूत जे तयार इंधन असतं, ते आठ-दहा सेकंद पुरतं. पुढे शरीर साठवलेली साखर मोडायला घेतं, आग आग होते आणि जोर उतरतो. ते तयार इंधन परत भरायला तीन-चार मिनिटं लागतात, आणि ते भरतं श्वासावर. म्हणून पाच वेळा वजन उचला आणि तीन मिनिटं बसा. बाहेरून बसलेलं दिसतं, आत काम चालू असतं."

"हो, हो," म्हणाल्या. पाच वेळा वजन उचललं. बाकावर टेकल्या. मी दुसरीकडे वळले, परत बघते तर बाई फडकं घेऊन आरसा पुसताहेत!

दुसऱ्या दिवशी डंबेल लहान-मोठी लावून ठेवली. तिसऱ्या दिवशी पिशवीतून कापूस काढला आणि वाती वळायला बसल्या. ते स्वल्प बरं, निदान बूड टेकलेलं. पण पुढच्याच मिनिटाला, "जरा पाणी भरून आणते सगळ्यांना" म्हणून बाटल्या गोळा करून चालू पडल्या. अय्यो, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि या एकट्या नव्हेत. माझ्या बॅचमधल्या अर्ध्याअधिक मराठी बायकांना हीच खोड. पन्नास किलो उचलायला सांगा, उचलतील. तीन मिनिटं हात मांडीवर ठेवून बसा म्हटलं की यांना घाम फुटतो.

त्यात आमचे मालक रविकिरण. त्यांनी भिंतीवर मोठा पडदा लावला आणि सगळ्यांच्या मनगटावर घड्याळं बांधली. कुणी किती कॅलरी जाळल्या ते नावासकट पडद्यावर. काकू सारख्या इकडून तिकडे धावायच्या, त्यामुळे त्यांचं नाव रोज सगळ्यात वर. रविकिरणनी त्यांना महिन्याचा बिल्ला दिला. बिल्ला! काकू लाजून हसल्या. आणि महिनाभर उचलत काय होत्या? तेच आठ किलो. घड्याळ नाडीचे ठोके मोजतं. मांडीत जोर आला की नाही, हे त्याला काय कपाळ कळणार?

"अक्का, तुमची बॅच बसूनच असते," रविकिरण म्हणाले. "लोकांना दिसतं ते."

"दिसू दे," मी म्हटलं. "घाम काढायचा तर त्यांना कपडे धुवायला लावा. इथं त्या ताकदीसाठी येतात."

मग मी काकूंकडे गेले. त्या पायपुसणं झटकत होत्या. मी ते हिसकावून कोपऱ्यात फेकलं. ओरडलेच. "कुणी सांगितलं तुम्हाला हे? दसरा पाच आठवड्यांवर आलाय! घर हवंय की नकोय?"

काकूही चिडल्या. मला वाटलं होतं रडतील. "तुला काय जातंय बस म्हणायला! लग्न होऊन आले तेव्हा रिकामी दिसले की सासूबाई परात पुढे सरकवायच्या. एकदा ताप होता म्हणून भिंतीला टेकले, तर मांडीवर पोतंभर शेंगा ओतल्या, सोल म्हणाल्या. बसले ना, की छातीत धडधडतं माझ्या. कुणीतरी येईल आणि बघेल."

मला इतका संताप आला, की मेलेल्या त्या सासूबाईंना जिवंत करून भांडावंसं वाटलं. जी बाई चाळीस वर्षं श्वास घ्यायलाही बसली नाही, तिचा जोर भरणार कधी? मी समोर स्टूल ओढलं आणि त्यांचे दोन्ही हात माझ्या हातात धरून ठेवले. "बघू दे बघायचं त्याला. मी आहे इथं." तीन मिनिटं त्यांची बोटं माझ्या मुठीत वळवळत होती. रोज हेच केलं. दहा-बारा दिवसांनी बोटं शांत झाली. पडद्यावर काकूंचं नाव पार तळाला गेलं. आठाचे बारा किलो झाले, बाराचे अठरा, आणि दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी त्यांनी जमिनीवरून चोवीस किलो उचलले. मग चटईवर आडव्या होऊन तीनदा उठून दाखवलं. मी त्यांना मिठी मारली. रविकिरणनी मला पुढच्या महिन्यापासून ही बॅच घेऊ नका असं सांगितलं, तेही त्याच दिवशी. त्यांना काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दसऱ्याला काकूंनी मला घरी बोलावलं होतं. बारा वाजता गेले. दारात झेंडूचं तोरण, आत तळणीचा वास. ओट्यावर श्रीखंड, मसालेभात, दोन भाज्या, कोशिंबीर, पुऱ्यांचे उंडे, आणि त्या सगळ्यामागे काकू, चेहरा पांढराफटक.

"कधीपासून उभ्या आहात?"

"साडेचारपासून. आता पुऱ्या तेवढ्या राहिल्यात."

"पोटात काय आहे?"

"चहा. नैवेद्य दाखवल्याशिवाय कसं खायचं?"

मी कपाळावर हात मारला. "आज तुमची परीक्षा, आणि तुम्ही परीक्षकाला पुऱ्या तळून घालताय? साठवलेली साखर सगळी या ओट्यापाशी जाळलीत की हो!" पण तेवढ्यात वेदांत आणि त्याची बायको मैत्रेयी आलेच. वेदांत घड्याळाकडे बघत म्हणाला, "आई, ते उठायचं एकदा करून टाकू या का? मग निवांत जेवू."

काकू दिवाणखान्यात फरशीवर आडव्या झाल्या. कुशीवर वळल्या. कोपरावर आल्या. एक गुडघा टेकवला, दुसरं पाऊल पुढे रोवलं. मांडी थरथर कापायला लागली, आणि त्या धपकन खाली बसल्या.

"राहू दे आई," म्हणत वेदांत पुढे झाला.

"हात लावायचा नाही!" मी ओरडले.

काकूंनी हात वर केला. "गप्प बसा सगळे. मी बसतेय." मांड्यांवर हात ठेवले, डोळे मिटले. स्वयंपाकघरातून मैत्रेयीची हाक आली, आई, तेल धुरावतंय. काकू हलल्या नाहीत. शेवटी तिनंच गॅस बंद केला. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते. चार मिनिटांनी काकूंनी डोळे उघडले, गुडघा टेकवला, पाऊल रोवलं आणि उठून उभ्या राहिल्या. भिंतीला नाही, खुर्चीला नाही, कशालाही न धरता.

मी टाळ्या वाजवल्या. वेदांतनेही वाजवल्या. मग मान खाली घालून म्हणाला, "आई, खरंच कमाल केलीस. पण... मी या घराला नोव्हेंबरपासून भाडेकरू ठरवलाय. मला वाटलं नव्हतं तू..."

माझ्या तोंडात शिवी आली होती. काकूंनी माझं मनगट घट्ट दाबलं. त्या खुर्चीत बसल्या, दाराकडे तोंड करून.

"त्याला फोन कर. माझ्यासमोर."

"आई, सणाच्या दिवशी नको ना. आधी जेवून घेऊ."

"घ्या की वाढून."

त्यांना वाढून घेता येईना. पुऱ्या कच्च्या होत्या, नैवेद्याचं ताट कुठं ठेवतात ते कुणाला ठाऊक नव्हतं. काकूंच्या हातात वात नाही, फडकं नाही. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मैत्रेयी एकदा स्वयंपाकघरात जाऊन परत आली. वेदांत येरझाऱ्या घालत होता. काकू त्याच्याकडे बघत बसून राहिल्या.

पाऊण तासाने त्याने खिशातून फोन काढला.

"सॉरी," तो म्हणाला, "ते घर रिकामं नाहीये. तिथं माझी आई राहते."