थांबण्याची सरासरी

केसपेपरच्या खिडकीमागे ताईंची बावीस वर्षं गेली. एवढ्या काळात खिडकीपलीकडची माणसं हजारोंनी बदलली; खिडकीअलीकडे खुर्चीची उशी तेवढी दोनदा बदलली. तिसऱ्या मजल्यावर उपव्यवस्थापकाच्या खोलीला एक खिडकी होती, तिच्यातून झाड दिसायचं आणि कुणाचाही हात आत यायचा नाही. त्या खिडकीसाठी ताईंनी चव्वेचाळिसाव्या वर्षी रुग्णालय व्यवस्थापनाच्या मास्टर्सला नाव घातलं.

"अगं, रिटायर होऊन मॅनेजर होणार का?" नवरा म्हणाला आणि उठून चहा टाकायला गेला. टोमणा मारून चहा करणारा नवरा परवडतो, असं ताईंचं मत होतं.

प्रकल्पाचा विषय त्यांनी घरचाच घेतला: ओपीडीत पेशंट किती वेळ थांबतो. केसपेपर निघाल्यापासून डॉक्टरांच्या दारात पाऊल पडेपर्यंतची मिनिटं त्या वहीत टिपू लागल्या. सरासरी छान जमत आली होती. मंगळवारवाल्या आजोबांनी तिची वाट लावली. तीन तास चाळीस मिनिटं. पुढच्या मंगळवारी चार तास.

"हा एक माणूस सगळं बिघडवतोय. काढून टाका," मार्गदर्शक सर म्हणाले. त्यांना भेटायला ताई दीड तास थांबल्या होत्या.

"पण सर, तो खरंच थांबतो."

"पास व्हायचंय ना?"

व्हायचं होतं. तरी काढण्याआधी निदान विचारावं म्हणून ताईंनी आजोबांना बाकावर गाठलं. नंबर पुकारला की ते शेजारच्याला म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे."

"आजोबा, बीपी तर तपासायचं. कशाला ताटकळता?"

"ताटकळतो कुठे? बसतो." त्यांनी शेजारची रिकामी जागा हातानं झटकली. "हिच्या तपासणीला सहा वर्षं इथंच बसायचो. घरी कामात असायची, हूं की चूं नाही. इथं टेकली की तोंडाचा पट्टा सुरू! समोर बसलेल्यांची लग्नं जुळवायची, परस्पर मोडायचीसुद्धा. नंबर लागला की उठावं लागायचं. तेवढंच नको वाटतं, पोरी."

ताईंनी आजोबांना वहीतून काढलं. सरासरी शहाण्यासारखी खाली आली, प्रकल्प पहिल्या वर्गात पास झाला. असे अहवाल एरवी डुगडुगत्या कपाटाखाली जातात. हा चक्क अमलात आला. ज्याला जी वेळ दिली त्याच वेळी तो आत.

पहिल्याच मंगळवारी आजोबा पंधरा मिनिटांत तपासून बाहेर आले. हातात पिशवी धरून बाकाकडे बघत उभे राहिले.

"छान सोय केलीत हो, ताई," ते म्हणाले. "लवकर सुटलो."

त्या दिवशी ताईंना डबा गेला नाही.

पुढच्या मंगळवारी त्यांनी आजोबांचा केसपेपर गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. दुपारी डॉक्टर तणतणत खिडकीशी आले. "हा सकाळचा पेपर आत्ता? मास्टर्स केलंत ना तुम्ही?"

"चूक झाली, सर. पुन्हा नाही होणार."

बढतीची फाइल वरून परत आली, 'मंगळवारच्या कामात हयगय' असा शेरा घेऊन. तिसऱ्या मजल्यावर आता दुसरं कुणी झाड बघतं. ताई कधीकधी जिन्यापाशी थांबून वर पाहतात, मग खिडकीत येऊन बसतात. बाकावर आजोबा एका बाजूला सरकून बसलेले असतात, दोघांपुरती जागा धरून.

"पुन्हा नाही होणार," ताई दर मंगळवारी सांगतात.